पश्चिम बांधावरचा पाचोळा

पौषातल्या पहाटे ओल्या पाचोळ्याच्या धुराला एक वास असतो, नुसत्या जळण्याचा नव्हे, तर भिजलेल्या गवताचा, शेणाचा, झाडाखाली पिकून गळलेल्या जांबाचा. तो केसांत शिरतो, स्वेटरच्या बाह्यांत मुरतो आणि थेट उशीच्या अभ्र्यापर्यंत सोबत येतो. ज्या दिवशी हा वास अंगाला येतो, त्या दिवशी मला माझ्या पदवीचा अभिमान वाटतो. यावर कुणाला हसायचं असेल तर त्यानं खुशाल हसावं. आमच्या घरातले लोक कित्येक वर्षं तेच करून राहिले आहेत.

आमची बाग शहपुऱ्याच्या अलीकडे, नाल्याला लागून आहे. बाबा जन्मभर जबलपूरच्या फॅक्टरीत लेथसमोर उभे राहिले आणि निवृत्तीच्या आधी त्यांनी हा तुकडा घेतला. वरच्या अंगाला जांब लावले (पेरू म्हणा हवं तर, आम्ही मूळचे विदर्भातले, आमच्या तोंडी जांबच), मधे आवळे, आणि खाली पश्चिमेला, नाल्याच्या काठानं, चाराच्या झाडांची एक ओळ. चार म्हणजे ज्याच्या टणक बियांमधून चारोळी निघते तो. हे जंगलचं झाड; बागेत ते कुणी मुद्दाम लावत नाही. बाबांनी लावलं. ते लागलं, पण सावकाश, रुसल्यासारखं, आणि त्याला पहिला मोहर येईपर्यंत मी शाळा संपवून, शेतीची पदवी घेऊन मोकळी झाले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. सगळ्यांची खात्री होती की आता ही शहरात, नेपियर टाउनमध्ये कुठंतरी खुर्चीवर बसणार. मी बागेत येऊन बसले.

तेव्हापासून एकच प्रश्न मला हिवाळाभर ऐकावा लागतो: "थंडीत तू तिथं करते काय? झाडं तर झोपलेलीच असतात." कुणी सांगितलं झोपलेली असतात? उन्हं तिरपी होतात, आवळ्याची बारीक पानं पिवळी पडून वाऱ्यावर भुरभुरतात, जांब एकेक करून हिरवेपणातून उजळत जातात, आणि नेमक्या त्याच गारठ्यात चार आपल्या फांद्यांच्या टोकांवर हिरवट-पांढऱ्या मोहराचे तुरे काढायला घेतो. इतके बारीक, की दुरून पाहणाऱ्याला झाडावर नुसती धूळ बसल्यासारखी वाटावी. त्या धुळीत उन्हाळ्यातली सगळी चारोळी असते. ज्या रात्री वारा पडतो आणि आभाळ निरभ्र असतं, त्या रात्री गारवा पाण्यासारखा उतारानं वाहत नाल्याकडे येतो, चाराच्या पायाशी साचतो, आणि पहाटे दव गोठतं. जांबांना संध्याकाळी पाणी सोडून सांभाळता येतं. काठावर, पाइपच्या पल्ल्याबाहेर उभ्या असलेल्या चाराला मात्र धुराशिवाय पांघरूण नाही. म्हणून मी दिवाळीपासून पाचोळा गोळा करते. आमचा, शेजारच्या सागाचा, रस्त्याकडेच्या झाडांचा. पश्चिम बांधावर त्याचे ढीग लावते, वरून ओलं गवत घालते, आणि ढिगांच्या पोटात घालायच्या गोवऱ्या छपरीत कोरड्या ठेवते; अशा रात्री पेटवले की ते ढीग पहाटेपर्यंत धुमसत राहतात. हे माझं हिवाळ्यातलं काम. ऑफिसात बसून कुणी केलं असतं तर त्याला नियोजन म्हटलं असतं.

गेल्या पौषात एका रविवारी दादानं बागेत रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, बेत ठरवला. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, जबलपुरात विजय नगरला राहतो. थंडीत दम्यामुळे बाबाही त्याच्याकडेच असतात. मी सकाळी जांबाचे क्रेट घेऊन मंडईत गेले होते. दुपारी परतले, तर फाटकापासूनच भाजलेल्या कणकेचा आणि वांग्याच्या भाजीचा वास दरवळत होता, आणि बाग अशी लख्ख झाडलेली, जणू कुणाच्या लग्नाचं अंगण. झाडांखाली पान नव्हतं. पश्चिम बांधावर राखेचे काळे गोल होते. छपरी रिकामी होती, आणि माझ्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे फुलत होते.

"बघ, बागेचा चेहराच बदलवून टाकला," दादा खुशीत म्हणाला.

"बांधावरचे ढीग कुठं आहेत?"

"तो कचरा? अगं, साप निघाला असता त्यातून, लेकरं खेळून राहिली इथं. पेटवून दिला. थँक्यू म्हण."

"आणि गोवऱ्या?"

"घ्या! मग रोडगे काय गॅसवर भाजायचे का, ताई?" वहिनी हसली. सकाळपासून कंबर वाकवून झाडलं होतं तिनं. कौतुकाच्या अपेक्षेनं माझ्याकडे पाहत होती.

मी दादाला आभाळ दाखवलं. वारा पडलाय, रात्री दव गोठेल, तो पाचोळा चाराचं पांघरूण होता, असं सांगितलं. तो शेजारी बसलेल्या मित्राकडे वळला. "बी.एस्सी. झाली बे ही, आणि पाचोळ्यासाठी रडून राहिली."

मित्र बिचारा संकोचला. तो इथलाच, रोडग्यांना गक्कड़ म्हणणारा. "दीदी, पहले खा लीजिए, गक्कड़ ठंडे हो जाएँगे."

मी बाबांकडे पाहिलं. चार त्यांनी लावला होता. ढीग जळताना ते तिथंच उन्हात खुर्ची टाकून बसले होते, आणि सगळं कुटुंब एकत्र आल्याच्या सुखात त्यांनी कुणाला अडवलं नव्हतं. "जाऊ दे बाई," ते म्हणाले, "खाऊन घे."

मी रोडगा खाल्ला. तुपात बुडवलेला, आतून मऊ, खमंग. तो चांगला झाला होता, याचाही मला राग आला.

मंडळी उन्हं कलताच गाड्यांत बसून गेली. मी जांबांना पाणी सोडलं, उरलासुरला पेंढा गोळा करून काठावर धूर करून पाहिला; तो वीतभर वर चढला आणि विरला. सकाळी गवतावर मीठ सांडल्यासारखं पांढरं पसरलं होतं. तशी ती सकाळ फार देखणी होती, नाल्यावर धुक्याची सुरेख पट्टी, पलीकडच्या मटाराच्या शेतावर कोवळं ऊन. आणि त्याच उन्हात चाराचा मोहर एकेका तुऱ्यानं मान टाकत गेला. दुपारपर्यंत झाडांवर गाळून फेकलेल्या चहापत्तीसारखं काहीतरी लोंबत राहिलं.

मी दादाला फोन केला. "अरेरे," तो मनापासून म्हणाला. "पण निसर्गापुढे कोणाचं चालते?"

त्या एका वाक्यानं माझ्या अंगाची जी लाही झाली, ती जळालेल्या मोहरानंही झाली नव्हती. निसर्ग! निसर्गाशी माझं भांडण नाही. तो येतो तेव्हा सांगून येतो, वारा पाडतो, आभाळ पुसतो, मला तयारीला संध्याकाळ देतो. तयारी निसर्गानं जाळली नाही. ती माझ्या माणसांनी जाळली, झाडू हातात घेऊन, प्रेमानं, आणि वर माझ्याकडून आभाराची वाट पाहिली. ज्यांना माझं काम दिसत नाही, त्यांना त्याचा नाश तरी कसा दिसावा? म्हणून मी फोनवरच म्हटलं, "निसर्ग नव्हे दादा. तुम्ही." पलीकडून फोन बंद झाला.

पुढच्या रविवारी त्याची गाडी फाटकाशी थांबली. एकटाच होता. डिकीत, मागच्या सीटवर, सगळीकडे पोती कोंबलेली. "कॉलनीतला कचरा," त्यानं एक पोतं ओढत सांगितलं, आणि स्वतःशीच थबकून म्हणाला, "पाचोळा. बाबांनी पाठवलं. नीट जेवून नाही राहिले ते." पोत्यांत अशोकाची लांब पानं होती, त्यांत गुटख्याच्या पुड्या, बिस्किटांचे कागद. मी थँक्यू म्हटलं नाही. चाराचं यंदाचं जे जायचं ते गेलं होतं. पण जांबांच्या खालच्या रांगेतली नवी रोपं अजून कोवळी होती, नुसत्या पाण्यानं निभावणारी नव्हती, आणि वारा पुन्हा पडला होता.

आम्ही दोघं बांधावर उकिडवे बसून कागद वेचत राहिलो. उन्हाला धार उरली नव्हती, आवळ्यांच्या सावल्या लांबत नाल्यात उतरत होत्या. ढीग लागले. मी बादलीकडे बोट दाखवलं. "वरून ओलं कर."

त्यानं बादली उचलली, ढिगापाशी नेली, आणि ओतता ओतता थांबून मान वळवली.

"किती ओलं?"

या बागेबद्दल त्यानं मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता. राग तसाच होता माझा, आहेही. तरी मी पुढे होऊन ओंजळभर भिजलेला पाचोळा उचलला, मुठीत दाबून पाहिला, आणि तो त्याच्या हातावर ठेवला.