अण्णांचं विमान आणि माझी निवड

आमच्या अण्णांनी उभी हयात एसटी चालवली आणि एकही अपघात केला नाही. विमान मात्र त्यांनी पालमच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, एका दुपारी इतक्यांदा पाडलं की शेवटी आईनं मोजायचं सोडून भाकरी थापायला घेतल्या.

या पडझडीला जबाबदार माणूस मी. (अण्णा तसं कधीच म्हणाले नाहीत. बाकी सगळं पालम म्हणतं.)

झालं असं, की पालम ते परभणी या रस्त्यानं अण्णांची पाठ खाल्ली. रस्ता म्हणजे काय, मधेमधे डांबर लावलेले खड्डे! मणक्याची चकती सरकली आणि परभणीच्या डॉक्टरांनी एसटीच्या स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. डेपोनं हलकं काम दिलं. हलकं म्हणजे स्टुलावर बसून बाहेर पडणाऱ्या गाड्यांकडे बघायचं. ज्या माणसानं साऱ्या गाड्या चालवल्या, त्याला त्या नुसत्या बघायला लावणं हे काही हलकं काम नव्हे. अण्णा घरी आले की जेवताना ताटाच्या कडा दोन्ही हातांनी धरायचे आणि वळण घेतल्यासारखं ताट जरासं फिरवायचे. आई बघायची आणि दुसरीकडे तोंड करायची.

मग त्यांना मोठ्या डॉक्टरकडे दाखवायला औरंगाबादला नेलं. तिथं माझी थोरली बहीण असते. तिचे मालक, म्हणजे आमचे दाजी, एका कंपनीच्या हापिसात कॉम्प्युटरवर काम करायचे. सासऱ्याचा जीव रमावा म्हणून दाजींनी त्यांना एका सुट्टीच्या दिवशी हापिसात नेलं आणि कॉम्प्युटरवरच्या विमानाच्या खेळापुढं बसवलं.

अण्णा परत आले ते वेगळाच माणूस होऊन.

"अगं, वर एक बी खड्डा न्हाई!" पायरीवरूनच त्यांनी आईला सांगितलं. "सपाट! नुसतं आभाळ! ना म्हैस आडवी येती, ना बैलगाडी. म्या समुद्रावरून नेलं इमान, आन अल्लाद उतरवलं बग!"

"आन पाठ?" आईनं विचारलं.

"पाठ? पाठीची आठवनच न्हाई झाली!"

आता माझ्याकडे या. मी पालममध्ये टायपिंग इन्स्टिट्यूट चालवत होतो आणि तिचा कॉम्प्युटर क्लास करायचं माझ्या मनात होतं. शिवाय मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला! (परभणीला आमच्या क्लासमध्ये एकच कॉम्प्युटर होता. तो काचेच्या खोलीत असायचा. आम्ही बाहेर चपला काढून आत जायचो, दर्शन घ्यायचो आणि बाहेर येऊन फळ्यावरचं उतरून घ्यायचो.) अण्णा म्हणाले, "दिगा, फंडातलं मी देतो. माझी एकच अट हाय. सकाळ-संध्याकाळ तुझी पोरं, दुपारी माझं इमान."

मला वाटलं, यापेक्षा सोपं काय असणार!

दाजींनी खेळाची फ्लॉपी पाठवून दिली आणि फोनवर बजावलं, "दिगंबर, खेळ जुना आहे. साधं मशीन घे, फक्त पडदा रंगीत घे."

साधं! हा शब्द माझ्या वर्मी लागला. स्वतः कंपनीच्या थंडगार खोलीत बसणार आणि मेहुण्याला म्हणणार साधं घे! माझा बाप काय साधा आहे? ज्यानं या रस्त्यावर गाडी हाकली, त्याला साधं मशीन? मी मनोमन ठरवलं, घेईन तर दाजींच्या हापिसातही नसेल असं.

नांदेडला खरेदीला आम्ही तिघं गेलो. अण्णा, मी आणि रहीमभाई. रहीमभाई हे अण्णांचे जुने कंडक्टर. अण्णांना ते उस्ताद म्हणायचे आणि आपल्या घंटीशिवाय उस्तादांनी कुठंही जाऊ नये असं त्यांचं मत होतं.

दुकानदारानं दोन मशीनं दाखवली. एक छोटं, वर रंगीत पडदा. दुसरं मोठं, थेट थ्री-एटी-सिक्स! त्याच्या तोंडावर लाल दिव्यांचा एक आकडा पेटायचा. जेवढा आकडा मोठा तेवढा वेग, असं दुकानदारानं सांगितलं आणि त्या आकड्यानं माझं डोकंच फिरवलं.

"खेळासाठी म्हणत असाल सर, तर हे छोटं पुरतं," दुकानदार म्हणाला.

"आम्हाला विमान चालवायचंय. रिक्षा नाही!" मी म्हणालो.

रहीमभाई खूश झाले. "हौ! बरोबर बोले! ताकदवाला होना!"

अण्णा मात्र त्या रंगीत पडद्याकडे बघत होते. त्यात निळं आभाळ होतं. ते हळूच म्हणाले, "दिगा, जवाईबापू साधं म्हनले होते ना?"

"अण्णा, दाजी हापिसात बसून बोलायलेत. डिप्लोमा कोणी केलाय?"

"तू केलास बाबा," अण्णा म्हणाले. माझ्या डिप्लोम्यावर त्या घरात विश्वास ठेवणारा तो एकच माणूस होता!

मोठ्या मशीनला सगळं बजेट लागलं, त्यामुळे पडदा हिरवा एकरंगी घ्यावा लागला. "रंग हा नुसता देखावा असतो," मी दोघांना समजावलं. "विमानाला ताकद लागते."

मशीन एसटीनंच आणलं. गाडीवर अण्णांचाच एक जुना सोबती होता. त्यानं लोहा गावावरून पालमपर्यंत गाडी अशी आणली, जशी पहिलटकरीण माहेरी आणतात. मागून एक पॅसेंजर ओरडला, "ओ डायव्हर, चालवायलाव का ढकलायलाव?" तर रहीमभाई उठून म्हणाले, "चूप बैठो! अंदर इमान है!" त्यानंतर निम्मे पॅसेंजर खिडकीतून वर आभाळात बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी उद्घाटन. आईनं पडद्याला हळदकुंकू लावलं. (नेमकं मधोमध. ते मग आठवडाभर गेलं नाही.) नारळ फोडला. शेजारपाजारचे येऊन सतरंजीवर बसले. अण्णा खाकी घालून आले! डेपोत कधीतरी मिळालेला विनाअपघात सेवेचा बिल्ला छातीवर. रहीमभाईंनी तिकिटं टोचायचा चिमटा टिकटिक वाजवून सगळ्यांना आत सरकायला लावलं.

मी बटण दाबलं. लाल आकडा पेटला. लोक "आऽऽ" म्हणाले. मी छाती काढून म्हणालो, "हा आकडा बघा. पुऱ्या तालुक्यात एवढा आकडा न्हाई!"

पडद्यावर हिरवी धावपट्टी आली. हिरवी जमीन, हिरवं आभाळ, मधे एक बारीक रेघ.

"सगळी जवारीच पेरलीय की," आई म्हणाली.

अण्णांनी पाठ ताठ केली. रहीमभाईंनी तोंडानंच डबल घंटी दिली. अण्णांनी बाणाच्या बटणावर बोट ठेवलं.

बोट उचलायच्या आत विमान वर गेलं, उलटं झालं, सुलटं झालं आणि खाली आलं. टर्रर्र! पडद्यावर काचेला तडे गेल्यासारख्या रेघा.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"पडलं," मी म्हणालो.

"कव्हा?"

"आत्ताच!"

पुन्हा लावलं. पुन्हा टर्रर्र! पुन्हा लावलं. या वेळी धावपट्टीवरूनच बाजूला गेलं. टर्रर्र! सतरंजीवरची मंडळी आधी हळहळली, मग हसायला लागली. रहीमभाई कळवळून म्हणाले, "उस्ताद, पहले पॅसेंजर तो उतरने देव!"

आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "त्येच्यात मानसं असतेत का रे?"

हसण्याचा आणखी एक लोट आला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी बिल्ल्यावर हात ठेवला होता.

आणि मग मी मास्तर झालो. मला सायकलवरून उतरायला अजून कट्टा लागतो, आणि मी या माणसाला चालवायला शिकवू लागलो! "अण्णा, हळू दाबा... अण्णा, आधी नाक बघा... अण्णा, लक्ष कुठंय तुमचं?"

"दिगा, मला वाटतंय हे लयच पळायलंय. औरंगाबादला आसं न्हवतं."

"पळणारच! ताकदवान हाय ते. अण्णा, मशीनला काय झालं न्हाई. तुमचेच हात मंद झालेत!"

लोक यालाही हसले. मीही हसलो. मग "मी दाखवतो" म्हणून बसलो आणि अण्णांच्या निम्म्या वेळात विमान जमिनीत घातलं. "मी मुद्दाम पाडलं," मी म्हणालो. "कसं पाडायचं न्हाई ते दाखवायला!"

पुढचे काही दिवस मी बाहेरच्या अंगाला मुलांना टायपिंग शिकवायचो आणि आतून थोड्या थोड्या वेळानं टर्रर्र ऐकू यायचं. मग ते कमी झालं. मग थांबलं. मला वाटलं, शिकले! आत जाऊन बघतो तर मशीनवर आईचं जुनं लुगडं पांघरलेलं आणि अण्णा ओट्यावर बसलेले.

मला वाईट वाटायला हवं होतं, पण क्लास जोरात सुरू झाला होता. लाल आकडा बघायला पोरं लांबून येत होती. अण्णांनी आपली लुना चालवणं सोडलं, हेही माझ्या उशिराच लक्षात आलं. बाजाराला चालत जायला लागले. एक दिवस शेजारच्या माणिकरावांचा ट्रॅक्टर चिखलात रुतला. अशा वेळी गल्ली नेहमी अण्णांना बोलवायची. माणिकराव धावत आले.

"अण्णा, चला बरं. तुमच्या हाताशिवाय निघत न्हाई."

अण्णा जागचे हलले नाहीत. "दुसऱ्याला बोलवा माणिकराव," ते शांतपणे म्हणाले. "माझे हात मंद झालेत. दिगाला इचारा."

मी त्या वेळी चहा पीत होतो. तो चहा मला अजून आठवतो. त्यात साखर होती असं आई म्हणते.

दाजींना बोलवावं म्हटलं तर विद्यापीठाच्या नामांतरावरून कधी बंद, कधी गाड्याच नाहीत. शिवाय खरं सांगायचं तर त्यांना बोलवायचं धाडस माझ्यात नव्हतं. ते आले ते थेट दिवाळीला, ताईला घेऊन. फराळाचं ताट हातात घेत त्यांनी पहिलं विचारलं, "मामा, विमान काय म्हणतंय?"

आईनं लुगड्याखालच्या मशीनकडे बघितलं. रहीमभाई फराळाला आले होते. तेच म्हणाले, "जवाईबापू, इमान रोज गिरता. उस्ताद के हाथ से!"

दाजींनी लुगडं काढलं आणि मशीन लावलं. टर्रर्र! दाजी हसले नाहीत. त्यांनी मशीनच्या तोंडावरचं एक बटण दाबलं. लाल आकडा एकदम निम्म्यावर आला.

"दाजी!" मी चकली टाकून ओरडलो. "बिघडवलं! आकडा उतरला!"

"उतरवायचाच असतो, दिगंबर. हा खेळ जुन्या, हळू मशीनसाठी लिहिलेला आहे. मशीन जेवढं वेगवान तेवढं विमान सुसाट. म्हणून तर साधं घे म्हणालो होतो. वेगवान घेतलं तर वेग कमी करायला हे बटण दिलेलं असतं. तुला डिप्लोम्यात सांगितलं नाही?"

(सांगितलं असेल. काचेच्या खोलीत आमचं सगळं लक्ष चपला चोरीला जातात का याकडे असायचं.)

दाजींनी विमान सावकाश वर नेलं, रेघेच्या वर स्थिर धरलं, एक लांब वळण घेतलं आणि खाली आणून उभं केलं. आईच्या हातातली करंजी तशीच होती.

"म्हंजे," अण्णा म्हणाले, "हात..."

"हात उत्तम आहेत, मामा. याच्यापुढं वैमानिक जरी बसवला असता तरी त्यानं पाडलंच असतं."

मी खाली बघत होतो. आता अण्णा चार शब्द बोलतील आणि मी सुटेन, असं मला वाटत होतं. पण ते उठले, आत जाऊन खाकी घालून आले आणि खुर्चीवर बसले. रहीमभाई लगबगीनं शेजारी उभे राहिले आणि तोंडानं डबल घंटी दिली.

विमान हळूच हललं. धावपट्टीच्या मधोमध, रेघेवरून जरासुद्धा न सरकता चाललं. धावपट्टीचं टोक आलं. अण्णांनी विमान वळवलं आणि आल्या वाटेनं जमिनीवरूनच परत आणलं. पुन्हा टोकापर्यंत नेलं. पुन्हा परत. मग जिथून निघालं होतं तिथं उभं केलं.

"उस्ताद, उडाव ना!" रहीमभाई काकुळतीला आले.

"नगं," अण्णा म्हणाले. "खाली नीट चाललंय."

आणि ते उठले. दाजींनी आग्रह केला, ताईनं केला. मी तर नंतर कितीतरी दुपारी बटण दाबून, आकडा उतरवून, खुर्ची पुसून ठेवली. "अण्णा, बसा की." "बसू बाबा निवांत," ते म्हणायचे. ते पुन्हा बसले नाहीत. माणिकरावांचा ट्रॅक्टर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा रुतला, तो मात्र त्यांनीच काढला आणि लुनाही परत सुरू झाली, तेवढंच माझं नशीब. पण समुद्रावरून विमान नेऊन आलेला, पायरीवरूनच आईला हाक मारणारा तो माणूस काही परत आला नाही. पुऱ्या तालुक्यात नसलेल्या आकड्यानं त्याला खाली उतरवलं, तो खालीच राहिला.

तेव्हापासून गल्लीत कोणी काही नवं घेणार असलं की मला आवर्जून सोबत नेतात. पंखा असो, टीव्ही असो, शिवणयंत्र असो. मला आधी वाटलं, डिप्लोम्याचा मान आहे. मग हळूहळू पद्धत कळली. परवा अण्णांना चष्म्याची फ्रेम घ्यायची होती. मला परभणीला घेऊन गेले. दुकानदारानं दोन फ्रेमी पुढं ठेवल्या.

"दिगा, नीट बग," अण्णा म्हणाले. "ह्यातली कोनती चांगली?"

मी दोन्ही उजेडात धरल्या, दांड्या वाकवून बघितल्या, बराच विचार केला आणि काळी पसंत केली.

अण्णांनी समाधानानं मान हलवली आणि दुकानदाराला म्हणाले, "ती दुसरी बांधा."