ठंडा महाग होऊ दिला नाही

अबू धाबीजवळच्या मुसफ्फाच्या कामगार कॅम्पातला ठंडा, म्हणजे कोल्ड्रिंकचा कॅन, मी महाग होऊ दिला नाही. त्यासाठी लोकांनी माझी पाठ थोपटली, आणि तीच माझी चूक होती.

नव्वदच्या दशकात मी तिथल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत स्टोअरकीपर होतो. माझ्या खोलीत मालवणकडचे एक वेल्डर राहत. वयाने मोठे, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणायचो; ते मला मेल्या म्हणायचे. संध्याकाळी कंपनीची बस कॅम्पात शिरली की आम्ही तिथल्या कंपनीच्याच दुकानाच्या पायरीवर बसायचो. भिंत तापलेली असायची, तरी तिलाच पाठ लावून त्यांच्या माडांच्या आणि माझ्या गावच्या विहिरीच्या गप्पा चालायच्या. पुढे मला फ्लॅट मिळाला, बायको आली, मुलगी इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली. सगळं मिळालं, पण तसा शेजार पुन्हा मिळाला नाही.

कॅम्पात एक रीत होती. घरून चांगली बातमी आली की त्या माणसाने सगळ्यांना ठंडा पाजायचा. पेढे कुठून आणणार? दिरहमचा एक कॅन. "म्हणजे दहा रुपये," असं कुणीतरी मोठ्याने म्हणायचंच. आणि कॅन नाकारला, तर तुम्हाला त्याच्या बातमीचा आनंद झाला नाही असा अर्थ व्हायचा. एवढ्या माणसांत बातमी तर रोजच कुणाची तरी असायची.

अशात भाऊंना शुगर निघाली. दवाखान्यातल्या मलबारी कंपाउंडरने मॅनेजरला सुचवलं, कॅन दीड दिरहमला करा आणि वरच्या पैशांतून साइटवर थंड लबान, म्हणजे तिथलं ताक, फुकट ठेवा.

भाऊ मला म्हणाले, "म्हाग होवंदे रे. स्वस्त आसा तोपर्यंत कोण ना कोण हातात देतलोच. माका नाय म्हणूक जमणा नाय. तू उठून बोल, तुझा लोक ऐकतत."

"बोलतो," मी म्हणालो.

शुक्रवारी मॅनेजरने या भाववाढीबद्दल विचारायला सगळ्यांना मेसमध्ये बोलावलं. मी उठलो तो भाऊंसाठीच. पण मागून कुणीतरी ओरडलं, "स्टोअरवाला साहब का आदमी है!" सगळे हसले. ते हसणं मला झोंबलं. मी बाकावर चढलो आणि हिंदीत म्हणालो, "दिवसभर लोखंडाबरोबर भाजणाऱ्या माणसाच्या तोंडचा एक थंड घोटही महाग करणार?" टाळ्या, शिट्ट्या, ताटल्यांचा खणखणाट. मॅनेजरने हात वर केले आणि भाववाढ तिथेच रद्द केली. "खलास, हबीबी, खलास!"

त्या गर्दीत मी भाऊंकडे बघितलं नाही.

काही महिन्यांनी मला मुलगी झाली. मी सगळ्यांना ठंडा दिला, भाऊंनाही. त्यांनी कॅन हातात घेतला. "अर्धोच हां, मेल्या," म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी तो सगळा संपवला.

बुटाने घासून झालेली त्यांच्या पायाची जखम पुढे भरलीच नाही. कंपनीने त्यांना गावी पाठवलं. तिकडे पाय कापावा लागला. एका ठंड्याने पाय जात नाही, हे मला कळतं. पण त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती.

दोन हजार सालानंतर गावोगावी फोन आले, तेव्हा मी अबू धाबीहून त्यांना फोन लावला. आवाज तोच होता. "काय रे मेल्या, जिवंत आसस?" बराच वेळ ते माडांबद्दल बोलत राहिले आणि मी नुसता ऐकत राहिलो. ते बोलणं संपूच नये असं वाटत होतं. शेवटी मी मेसमधल्या त्या दिवसाचं नाव काढलं.

"सोड रे," ते हसले. "टाळ्यो तर मियापण वाजवलंय."

"तुम्ही वाजवल्या, कारण मी तुमचा होतो," मी म्हणालो. "मी मात्र त्या दिवशी स्वतःसाठी बोललो, भाऊ. तुम्हाला शब्द दिला होता, तो मी पाळला नाही. मला माफ करा."