जमिनीवर टेकलेलं शेपूट

आमच्या मामाने गवंडीकामात जन्म घालवला, शेकडो भिंती लिंपल्या. पण कुणी विचारलं, "काय काय बांधलंत?" की तो बागेतल्या डायनोसॉरकडेच बोट दाखवायचा. बागेच्या साहेबांनी कधीकाळी हातात एक चित्र दिलं आणि मामाने सळया आणि सिमेंटमधून तो पालाखाऊ डोंगर उभा केला. मान झाडांच्या वर, शेपूट थेट जमिनीवर टेकलेलं. पोरं पाठीवर चढायची आणि शेपटीवरून सुर्रकन खाली!

मामा त्याच्याविषयी घरच्या माणसासारखा बोलायचा. "हे जनावर म्हणजे बघ, चावायचं नावच नाही! पाला ओरबाडायचा, गिळायचा, पुन्हा ओरबाडायचा. दिवसभर तेच. डोकं एवढंसं, पोट गोदामाएवढं. थेट तुझा बाप!"

"दादा, पुरे हं!" आई आतून ओरडायची.

मग एका शाळेची सहल आली. त्यातली दोन वेण्यांची एक मुलगी कमरेवर हात ठेवून अगदी बाईंच्या सुरात म्हणाली, "आजोबा, तुमचं शेपूट चुकलंय. ते हवेत असायचं. नाहीतर एवढी लांब मान तोलणार कोण?"

मामा तिथे हसला. घरी मात्र ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी वाचनालयातून पुस्तक आणलं, तर खरंच, चित्रातलं शेपूट हवेत.

"म्हणजे इतकी वर्षं मी पोरांना खोटं दाखवलं."

"अहो, पोरं काय शेपूट तपासायला येतात?" मामी म्हणाली. "घसरायला येतात. राहू द्या ना! सुखातला जीव दुःखात घालायची हौस भारी."

"तुला नाही कळायचं. चुकीचं काम माझ्या नावावर नको."

साहेबांनी नाकातल्या नाकात परवानगी दिली. "बघा बुंवा, जबाबदारी तुंमची."

मामाने शेपूट बुडापाशी कापलं. नव्या सळया जोडून ते उचलून धरायचं, असा बेत होता. ती वेळच आली नाही. दुपारी मानेतून 'कट्' आवाज आला. खांद्यापाशी बोट जाईल एवढी भेग, आणि ते एवढंसं डोकं हळूहळू खाली. जनावर पहिल्यांदाच गवताकडे वाकलं होतं.

पुस्तकाचं पुढचं पान मामाने त्यानंतर वाचलं. त्या प्राण्याच्या मानेची हाडं आतून पोकळ, हवेने भरलेली, म्हणून तर ती त्याला पेलायची. मामाने मात्र काम पक्कं व्हावं म्हणून मान सिमेंटने ठासून भरली होती. तिला इतकी वर्षं धरून ठेवलं होतं ते जमिनीत रुतलेल्या त्या चुकीच्या शेपटीनेच.

धोका नको म्हणून साहेबांनी मान उतरवली. आता तिथे चार पाय आणि एक पोट आहे, भोवती तारेचं कुंपण. पोरं कुंपणाला नाक लावून विचारतात, "घसरगुंडी कुठे गेली?" मामा बागेच्या मागच्या फाटकाने जातो-येतो.

मामी एरवी कधी 'मी म्हटलं नव्हतं?' सोडत नाही. साधं दूध उतू गेलं तरी म्हणते. या वेळी एकदाही म्हणाली नाही. मामाला तेच जास्त लागलं.

शेवटी एकदा जेवताना तोच म्हणाला, "म्हण ना एकदाचं."

"काय म्हणू?"

"तुला माहीत आहे."

मामीने त्याच्या ताटात वाढलं. "जेवा. गार होतंय."