दीक्षित सरांचे छप्पन्न राजे

सावेडीच्या सोसायटीत राहायला आलो त्या आठवड्यात मला वाटलं, तळमजल्यावरचे गृहस्थ संध्याकाळी जप करतात. स्कूटरींच्या रांगेपासून पाण्याच्या टाकीपर्यंत ते फेऱ्या मारायचे. हात मागे बांधलेले, नजर जमिनीवर आणि ओठ सतत हलते. एकदा मी शेजारून चालत गेलो तेव्हा कानावर आलं, "नामहे, युरी, थाल्हे, फासा, जिमा..." हे कोणतं स्तोत्र ते कळेना, म्हणून थांबून विचारलं.

"राजे आहेत," ते म्हणाले. "सिल्लाचे. एकूण छप्पन्न. आज सदतिसाव्यावर अडलो."

"सिल्ला म्हणजे कुठे?"

"कोरियात. जुन्या. तुम्ही काय करता?"

मी म्हटलं, सुप्याला एका कारखान्यात अकाउंट्स बघतो.

"मग हिशेबनीस, उद्यापासून माझ्याबरोबर चला. मी म्हणतो, तुम्ही मोजा. मोजणारं कुणी नसलं की माणूस स्वतःला सवलत देतो."

असे दीक्षित सर माझे शेजारी झाले. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली, घरात एक मुलगी मुक्ता. ती बँकेत होती. कंपनीची बस मला साडेसहाला सोडायची. चहा घेऊन मी खाली उतरायचो आणि बोटांची पेरं मोजत त्यांच्याबरोबर चालायचो. सिल्लाचे छप्पन्न झाले की शेजारच्या बेकजे राज्याचे एकतीस, मग गोगुर्योचे अठ्ठावीस. मी मोजले, बरोबर भरले. नावं पाठ करण्यात काय मिळतं ते मला कधी समजलं नाही, पण आकडा जुळला की मला बरं वाटतं, आणि त्यांनाही वाटायचं.

हे खूळ लागलं टाळेबंदीत. मुक्ता मोबाईलवर कोरियन मालिका बघायची. सर शेजारी बसून विचारायचे, "हा राजा कुणाचा कोण? हा खरा होऊन गेला का?" तिला सांगता येईना, मग त्यांनी स्वतः शोधायला सुरुवात केली. पुस्तकं मागवली, इंग्रजीतून वाचली. आयुष्यभर निजामशाही आणि मराठे शिकवलेला माणूस उतारवयात तिकडे कसा गेला, असं मी एकदा विचारलं.

"इकडच्या राजांबद्दल खरं बोलायची सोय राहिली आहे का? वर्गात एक वाक्य बोललो तर दुसऱ्या दिवशी पालक दारात. तिकडच्या राजाला मी मूर्ख म्हटलं तरी नगरमध्ये कुणी दुकानं बंद करत नाही." मग ते हसले. "त्यांचा एक राजा शिकारीत घोड्यावरून पडला. उठता उठता म्हणाला, नोंद करणाऱ्याला सांगू नका. नोंद करणाऱ्याने राजा पडला हे लिहिलं, आणि सांगू नका म्हणाला हेही लिहिलं. आपल्याकडे असं लिहून दाखवा."

त्यांची दोन वाक्यं ठरलेली होती. कुणाही माणसाचं नाव निघालं की, "ते राहू द्या. तो कुणाचा कोण?" आणि कुणी काही ठासून सांगितलं की, "पुरावा?" सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकाने लिफ्ट बिघडायला वरच्या मजल्यावरची पोरं कारणीभूत आहेत असं सांगितलं. सर मागच्या खुर्चीवरून शांतपणे म्हणाले, "पुरावा?" त्या माणसाने पुढे सहा महिने त्यांच्याशी बोलणं टाकलं. सरांच्या ते लक्षातही आलं नाही.

सिल्लाच्या पवित्र हाडाबद्दल मला त्यांनीच सांगितलं. तिथे माणसाची योग्यता हाडावर ठरायची. ज्याचे आई आणि बाप दोघेही राजवंशातले, त्याचं हाड पवित्र, आणि गादी त्यालाच. त्याखाली दुसरं हाड, त्याखाली पायऱ्या. घराची रुंदी, गाडीची सजावट, बायकांच्या अंगावरचं कापड, सगळं हाडाप्रमाणे.

"आणि पवित्र हाड पवित्र ठेवायचं म्हणून त्यांनी सोयरिकी आपसातच केल्या. चुलते, पुतण्या, मावसभावंडं. होता होता माणसंच उरेनात. सव्विसावा राजा गेला तेव्हा पवित्र हाडाचा पुरुष शिल्लक नव्हता. मग काय केलं असेल?"

"खालच्या हाडाचा बसवला असेल."

"छे. बाई बसवली. राणी सोंदक. बाई चालली, खालचं हाड चाललं नाही. तिच्यानंतर तिची चुलतबहीण. ती गेली आणि पवित्र हाड संपलं. पृथ्वीवरून संपलं, हिशेबनीस. शेवटी बसला दुसऱ्या हाडाचाच, किम चुनचू. आणि सिल्ला मोठं झालं ते त्याच्यापासून." ते टाकीशी थांबले. "शहाणी माणसं होती हो. राज्य चालवणारी. एवढं कळू नये?"

त्यानंतरच्या हिवाळ्यात काष्टीहून बापूराव आले.

त्यांचा मुलगा अमोल मुक्ताच्या शाखेत होता. दोघांचं जमलं होतं. जात वेगळी होती. मुक्ताचं वय तेहतीस. सरांनी मला बोलावून घेतलं, "तुम्ही असा. मला अशा बोलण्याची सवय नाही." बापूराव पांढऱ्या टोपीत, गुडघ्यांवर हात ठेवून सोफ्याच्या कडेला बसले होते. त्यांनी फिरवाफिरव केली नाही.

"सर, मी तोडून बोलायला आलो न्हाई. आमचं पोरगं हट्टी न्हाई, पर ह्या बाबतीत काय केल्या ऐकंना. आमच्याकडं बी समदे राजी हायेत असं न्हाई. माझी म्हातारी दोन दिस जेवली न्हाई. मी तिला म्हनलं, आई, त्येला दुसरीकडं लावून दिलं तर तू जेवशील, पर पोरगं जेवनार न्हाई."

सरांनी चहा पुढे केला. उसाचं विचारलं, जनावरांचं विचारलं. मग म्हणाले, "बापूराव, मुलगा चांगला आहे. माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. पण मला जमणार नाही."

"का, ते सांगाल का?"

"नाही सांगता येणार."

बापूरावांनी चहा पूर्ण प्यायला. उठताना म्हणाले, "आमी थांबतो, सर. घाई न्हाई." जाताना मुक्ताच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

दार लागल्यावर मुक्ता सरांसमोर येऊन बसली. रडत नव्हती. "बाबा, काकांना धुराची गोष्ट सांगितलीत का?"

"कसली?"

"काका, मी सांगते. तो किम चुनचू, एकोणतिसावा. त्याचं एका मुलीवर मन होतं. तिच्या घराण्याने सिल्लापुढे हार खाल्लेली, म्हणजे हाड कमीच. तिला दिवस गेले. तिच्या भावाने अंगणात लाकडं रचली आणि हिला जाळतो म्हणून पेटवून दिली. राणी सोंदक तेव्हा टेकडीवर गेली होती. तिने धूर बघितला आणि विचारलं, हे काय आहे? कळल्यावर चुनचूला म्हणाली, तुझंच काम आहे हे. जा, तिला सोडव. दोघांचं लग्न लावून दिलं. पवित्र हाडाच्या राणीने."

"ती दंतकथा आहे," सर म्हणाले. "त्या दोघांचा मुलगा राणी गादीवर यायच्या सहा वर्षं आधी जन्मलेला आहे. सनावळी जुळत नाही."

मी मनात वजाबाकी केली होती. आकडे त्यांनी पूर्वी सांगितलेलेच होते. सर बरोबर होते.

"मग ती तेव्हा राजकन्या असेल," मुक्ता म्हणाली. "धूर तर दिसला ना तिला."

सर उठून आत गेले.

माझ्या बायकोने तिला एकदा सरळ विचारलं की तू सज्ञान आहेस, कमावतेस, मग रजिस्टर लग्न का करत नाहीस? ती म्हणाली, "काकू, मी गेले तर बाबा दार लावून घेतील. त्यांना दार लावता येतं. पण ते आत एकटेच राहतील."

मला आडून बोलता येत नाही. एका संध्याकाळी बेकजेच्या तेराव्या राजाशी मी मोजणं थांबवलं आणि म्हणालो, "सर, पवित्र हाडवाल्यांना तुम्ही वेडे म्हणता. आणि घरी तेच करता."

मला वाटलं, रागावतील. ते चालतच राहिले. "मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला? बत्तीस वर्षं इतिहास शिकवलाय मी."

"मग?"

टाकीला वळसा घालून ते बोलले. "मला थोरली बहीण होती. तिने असंच लग्न केलं. वडिलांनी घरात तिचं नाव घेणं बंद केलं. मी तेव्हा तेवीस वर्षांचा. त्या वर्षी भाऊबीजेला ती आली. दार मी उघडलं. हातात ताट होतं, निरांजन वाऱ्याने विझू नये म्हणून पदर आड धरलेला. वडील आत बसले होते. मी तिला म्हटलं, आत येऊ नकोस. ती म्हणाली, इथेच ओवाळते, उंबऱ्यावर. मी म्हटलं, नको. ती जिना उतरून गेली. नंतर वडील गेले, तरी मी तिला बोलावलं नाही. ती वारल्याचं मला महिन्याने कळलं."

"म्हणून तर आता..."

"म्हणूनच नाही म्हणतो, हिशेबनीस. मुक्ताला आज हो म्हटलं, तर ताईला नाही कशासाठी म्हटलं होतं? काहीतरी कारण होतं असं धरून मी इतकी वर्षं काढली. कारणच नव्हतं असं निघालं, तर मी काय केलं त्या दिवशी?"

मी हिशेबाचा माणूस. चुकलेली नोंद पुढच्या पानांवर ओढत नेली की काय होतं, ते मला पक्कं माहीत आहे. आम्ही आणखी दोन फेऱ्या मारल्या. मग त्यांनी चौदाव्या राजाचं नाव घेतलं आणि मी मोजायला लागलो.

बापूराव म्हटल्याप्रमाणे थांबले. तीन वर्षं थांबले. दर संक्रांतीला तिळगूळ द्यायला यायचे, विषय काढायचे नाहीत. शेवटी मुक्तानेच अमोलला सांगितलं, आता थांबू नकोस. त्याचं लग्न श्रीगोंद्याकडच्या मुलीशी झालं. मुक्ता गेली होती, अहेर करून आली. तिने बदली मागितली नाही. त्याच शाखेत, त्याच्या समोरच्या काउंटरवर काम करत राहिली. सरांना तिने लग्नाचं स्वतः सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं." त्या दिवशी ते फिरायला खाली आले नाहीत.

यंदा फेब्रुवारीत त्यांना पक्षाघात झाला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवी बाजू गेली होती, बोलणं जड झालं होतं, आणि मधलं बरंच काही पुसलं गेलं होतं. मी रोज जाऊन बसायचो. एके दिवशी त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

"काष्टीला फोन लावा."

"कुणाला, सर?"

"बापूरावांना. हो म्हणून सांगा. मी उगाच... ताणलं. मुलगा चांगला आहे."

मी मुक्ताकडे बघितलं. ती औषधाच्या बाटल्या लावत होती. तिचे हात थांबले. खोटं मला बोलता येत नाही, आणि खरं बोलवत नव्हतं.

ती जवळ आली, त्यांच्या उशाशी बसली. "मी लावला फोन, बाबा. त्यांना फार आनंद झाला."

सरांचा अर्धा चेहरा हसला. "ताईला आधी सांग. तिला मागून कळायला नको."

"आत्याला सांगितलं. येते म्हणाली."

मग रोज तेच. तारीख धरली का? ताईला न्यायला कोण जाणार? मुक्ता प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायची. कार्यालय ठरलं, बाबा. वैशाखातलं ठरलं. मी तुमच्यासाठी रेशमी सोवळं काढून ठेवलंय. तिच्या आवाजात तेव्हा एक खरा उत्साह असायचा, आणि तो ऐकवत नसे म्हणून मी खिडकीशी जाऊन उभा राहायचो. सुमारे महिनाभर त्या घरात लग्नाची तयारी चालू होती. चैत्र लागायच्या आत सर गेले. इतके समाधानी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते समाधान बघून मलाच घाबरल्यासारखं झालं होतं.

तेराव्यानंतर बापूराव भेटायला आले. मीही होतो. मुक्ताने चहा आणून ठेवला. बापूराव टोपी हातात धरून बसले.

"लई करारी मानूस," ते म्हणाले. "मला राग कदी आला न्हाई त्यांचा. पर वाईट वाटतं गं पोरी. तवा एकदा व्हय म्हनले असते, तर आज तू आमच्या घरात असतीस."

"म्हणाले ते, हो."

बापूरावांनी मान वर केली. "कवा?"

"आजारपणात. फेब्रुवारीत."

"आन कळवायचं न्हाई व्हय मला? मी आलो असतो. त्यांच्या तोंडून ऐकलं असतं."

"तुमच्याकडे त्या आठवड्यात बारसं होतं," मुक्ता म्हणाली.

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू केली आणि निघून गेलं. मुक्ताने बापूरावांचा कप जरासा पुढे सरकवला.

"नाव काय ठेवलंत?"

"स्वरा," ते म्हणाले. "आईवर गेलीय."

"छान आहे नाव," ती म्हणाली आणि बिस्किटं आणायला आत गेली.