वाटीभर कहवा

आमच्या घरी चहा बेताचाच, पण कहवा मुबलक. म्हणजे बिनदुधाचा, काळपट, सुंठ-मिऱ्याचा गोड काढा. त्याचं काश्मीरच्या कहव्याशी काही नातं असेल तर ते मला ठाऊक नाही. आईचे वडील निजामाच्या काळात हैदराबादला एका हकिमाकडं औषधं कुटायला होते. तिथून तो शब्द आणि त्याची पूड करायची रीत आमच्याकडं आली.

सुंठ, मिरे, लवंग, दालचिनी, ज्येष्ठमध भरड कुटायचं, गवती चहाची पात टाकायची आणि माठातल्या पाण्यात उकळत ठेवायचं. पाणी पाव हिश्शावर आलं की गाळून त्यात साखर घालायची. आणि मग मात्र पातेल्यापासून हलायचं नाही. दारात पाहुणा आला तरी त्याला म्हणायचं, बस बाबा. पाक घट्ट झाला की उतरवून पळीच्या पाठीनं घोटत राहायचं. हात मोडून येतो. असं वाटतं, आता काही हे होत नाही. आणि एकाएकी तो चिकट गोळा सुटा होतो, भुसभुशीत, कोरडा ठणठणीत. चाळला की झाली पूड. चमचाभर गरम पाण्यात टाका आणि प्या, उकळायची कटकट नाही. आता बाजारात तसली पाकिटं मिळतात, घरची पोरं हौसेनं आणतात. मी तोंडाला लावत नाही. माझं डोकं फिरतं त्या वासानं.

वडील शाळामास्तर होते. जिंतूरला आम्ही भाड्याच्या खोल्यांच्या एका ओळीत राहायचो. ओळीत बौद्धांचं घर आमचं एकच. शेजारच्या खोलीत काकू होत्या. त्यांचे यजमान कचेरीत कारकून, गावाकडं शेतीवाडी, पोखर्णीचा नरसिंह कुलदैवत. काकू म्हणजे तोंडाळ, दिलदार आणि भयंकर चौकस बाई. आईला त्या ‘मास्तरीणबाई’ म्हणायच्या, आई त्यांना ‘वहिनी’. रोज दुपारी यायच्या, बाहेरच्या खोलीत बाजेवर पाय वर घेऊन बसायच्या आणि सगळ्या जिंतूरची खबर सांगायच्या. त्या हसायला लागल्या की बाज करकरायची. आईला त्या गावात तेवढीच एक मैत्रीण होती.

काकूंकडून वाटी यायची. कधी पुरण, कधी धपाटे, कधी शेंगदाण्याची चटणी. आता दुसऱ्याची वाटी रिकामी परत द्यायची नाही, हे कुठल्याही घरातलं पोर सांगेल. पण आमच्या घरचं काय घालायचं तिच्यात? आमच्या घरचं शिजलेलं काकूंच्या घरी चालणार नव्हतं. हे कोणी बोललं नव्हतं, बोलायची गरजच नव्हती. तिकडं नियम साधा: कोरडं चालतं, ओलं चालत नाही. गहू चालतील, गूळ चालेल, पाण्याचा हात लागलेलं चालणार नाही. मग आई वाटीत कहव्याची पूड घालायची, शीग लावून. काकू खूश. त्यांच्या यजमानांचा जुना खोकला त्या पुडीनं बसायचा. “लय गुण हाय बगा तुमच्या पुडीला,” त्या म्हणायच्या.

आणि मी आतल्या दाराशी उभी राहून जळफळायची. मी मुळातच तिखट. एकदा काकू गेल्यावर आईला म्हणाले, “त्यांना सांग की एकदा. आपल्या माठातलं पाणी आटून आटून झालेली हाय ती पूड. कोरडं म्हणे!”

आईनं माझ्याकडं रोखून बघितलं.

“तुला काय मिळंल सांगून?” ती म्हणाली. “तिचं येणं बंद होईल, एवढंच.”

तेव्हा मला आईच्या पोटातली भीती कळली. ती पूड करताना आई नेहमी मधलं दार लोटून घ्यायची, ते वाऱ्यासाठी नव्हतं.

काकूंना आई कधी पाणीसुद्धा विचारायची नाही. आमच्याकडं दारात आलेल्या भिकाऱ्यालाही पाणी विचारतात. मी खोदून विचारलं तर म्हणाली, “विचारलं की तिला न्हाई म्हणावं लागंल. मग तिचं बी तोंड कडू, माझं बी. त्यापरीस न विचारलेलं बरं.”

विद्यापीठाच्या नावावरून मराठवाड्यात आग लागली होती त्या दिवसांतली एक दुपार मला आठवते. बाजार बंद, ओळीतली सगळी दारं बंद, वडील शाळेतून आलेले नाहीत. काकू आल्या, आमच्या बाजेवर बसल्या आणि म्हणाल्या, “मास्तर येस्तोवर मी हितंच हाय. कोन येतंय ते बगू.” चांगल्या दिवेलागणीपर्यंत बसल्या. मधे तहान लागली तेव्हा उठून आपल्या घरी गेल्या, पाणी प्याल्या आणि परत येऊन बसल्या. मला त्या बाईच्या गळ्यात पडावं की तिच्याशी भांडावं, कळेना. आजही कळत नाही.

पुढं त्यांच्या यजमानांची पालमला बदली झाली. सामान बांधायला काढलं, आणि एका सकाळी काकू तडक आमच्या मधल्या दारापर्यंत आल्या. “मास्तरीणबाई, पालमला मला कोन देतंय ही पूड? शिकवा मला.”

“सांगते की. लिहून घ्या,” आई चाचरत म्हणाली.

“लिवलेलं माझ्या डोस्क्यात शिरत न्हाई. डोळ्यानं बघते.” आणि चक्क चुलीपुढं बसल्या. त्या घरात त्या इतक्या आत पहिल्यांदाच आल्या होत्या.

मी आईच्या कानाशी लागले. “त्यांच्याच घरचं पाणी मागून आणू का?” मी पहिल्यांदाच शहाणपणाचं काही बोलत होते. आईनं मान हलवली. “न्हाई. जे हाय ते हाय.”

तिनं मसाला कुटला, पातेल्यात टाकला. मग माठावरचं झाकण काढलं, तांब्या बुडवला आणि काकूंच्या डोळ्यांदेखत पाणी ओतलं. थोडं पाणी चुलीत सांडलं आणि राख उडाली.

काकू बघत राहिल्या. “पानी घालता व्हय याच्यात?”

“पाण्याबिगर काढा कसा उतरंल, वहिनी?”

“दर बारीला?”

“दर बारीला.”

काकू काढा आटेपर्यंत बसून होत्या, जाळाकडं बघत. आईनं गाळून साखर घातली, तशा त्या उठल्या, पदर सावरला आणि निघून गेल्या. त्यांच्या घराचं दार वाजलं.

“गेली!” मी म्हणाले. “बघ तुझी मैत्रीण!”

आईला पाक सोडून उठता येत नव्हतं, म्हणून ती ढवळत राहिली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि धूर काही एवढा नव्हता.

पुन्हा पावलं वाजली. काकू परत आल्या होत्या. हातात त्यांची ती वाटी, तळाशी मागच्या खेपेची उरलेली पूड. त्यांनी ती आईपुढं ठेवली. दिलेलं परत करायला आल्या, असंच आम्हा दोघींना वाटलं. आईचा चेहरा पार उतरला.

काकूंनी कमरेवर हात ठेवले. “इतकी वर्सं तुझ्या दारात येते मी,” त्या म्हणाल्या. ‘तुमी’ कुठल्या कुठं गेलं होतं. “एकदा तरी पानी पुसलंस का गं मला?”

चोराच्या उलट्या बोंबा! मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई हसली. रडता रडताच हसली. मग उठली, घासलेला तांब्या भरला आणि काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो वरून न ओतता ओठाला लावला आणि घटाघटा अर्धा रिकामा केला.

“आता याचा कहवा कर,” वाटीकडं बोट दाखवत म्हणाल्या. “तुझ्या हातचा. मी करते तर त्याला चव येत न्हाई.”

तेवढ्यात जळका वास आला. पाक करपला होता. आईच्या आयुष्यात तेवढी एकच खेप करपली असेल. त्यावर दोघी इतक्या हसल्या की मलाही हसू आवरेना. आईनं पाणी तापवलं, वाटीतली पूड खरवडून तीन कपांत टाकली. चुलीपुढं बसून आम्ही तिघींनी कहवा प्यायला.

जाताना काकू दारात थबकल्या. “आमच्या ह्यांच्या कानावर घालू नगस,” म्हणाल्या. माझा पारा परत चढला. आईनं माझा हात दाबला.

मग त्या आपली वाटी घेऊन घरी गेल्या. आमच्या घरून ती वाटी त्या दिवशी पहिल्यांदा रिकामी गेली, आणि ते आईच्या लक्षातही आलं नाही.