पावणेदोन तासांवरचं सासर

आमच्या तिकीट एजन्सीत कॅप्टनचं टेबल माझ्या टेबलाला खेटून आहे. या माणसाने उभ्या जन्मात विमानात पाय ठेवला नव्हता, पण कुठल्याही दोन शहरांची नावं घ्या, मधलं अंतर आणि लागणारा वेळ तोंडपाठ. म्हणून कॅप्टन. आमच्या धंद्याची एक खोड आहे. वेळ सांगायचा तो फक्त हवेतला. विमानतळापर्यंतची रखडपट्टी, रांगा, उतरल्यावरचा रस्ता, ते गिऱ्हाइकाचं गिऱ्हाईक बघेल. खरं सांगत बसलो तर तिकीट कोण काढेल?

गिऱ्हाइकाला सांगा हो, पण घरातसुद्धा? मुलीला लांबचं स्थळ आलं तेव्हा वहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, नको नको म्हणत होत्या. कॅप्टन हसण्यावारी न्यायचे. "अगं, पावणेदोन तासांवर तर सासर. याच शहरात तुझी बहीण राहते, तिच्याकडे जायला तेवढेच लागतात!" शेवटी वहिनींनी होकार दिला. लग्न आमच्याच शहरात लागलं, त्यामुळे तिकडे जायची वेळच आली नाही. विमानतळापासून मुलीच्या गावापर्यंत डोंगरातून चांगला चार तासांचा रस्ता आहे, हे कॅप्टनच्या हिशेबात कधी आलंच नाही.

मग एके दिवशी भल्या सकाळी मुलीचा फोन आला. दिवस भरायला अवकाश होता, पण पोटातल्या बाळाची वाढ थांबली होती आणि संध्याकाळी ऑपरेशन ठरलं होतं. नवरा नोकरीपायी परमुलखात. "आई, मला आत नेण्याआधी ये गं," एवढंच ती म्हणाली.

कॅप्टन ऑफिसात धावत आले. सकाळच्या विमानात शेवटच्या दोन जागा होत्या. नेमकं तेव्हाच एक जुनं गिऱ्हाईक अडून बसलं, मला याच जागा हव्यात.

मी म्हटलं, "कॅप्टन, आधी स्वतःचं बघा."

"ताई, आपल्याला दुपारचं आहे की! पावणेदोन तासांचा तर प्रश्न. चहाच्या वेळेला तिथे असू."

आणि दिल्या जागा, स्वतःच्या हाताने. माझं अजून डोकं फिरतं आठवलं की.

दोघं दवाखान्यात पोचली तेव्हा अंधार पडला होता आणि सगळं आटोपलं होतं. मुलगी वाचली, बाळ गेलं. आधी पोचलो असतो तरी ते वाचलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. कॅप्टन हे आल्यागेल्याला सांगतात. असेल खरं. पण आत नेताना पोरीचा हात धरायला कोणी नव्हतं, त्याचं काय? ते डॉक्टरांना कशाला विचारायला हवं!

वहिनी तिथेच राहिल्या त्या राहिल्याच. आता वर्ष होत आलं. कॅप्टन डबा स्वतः करून आणतात, अर्धा टाकतात. माणूस वाईट नाही, म्हणून जास्तच चीड येते.

परवा दुपारी त्यांनी माझ्यासमोरच मुलीला फोन लावला. "बाळा, येऊ का चार दिवस? रजा पडून आहे." पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. ती रडली नाही, भांडली नाही, शेजाऱ्यांशी बोलावं तशी नीट बोलली.

"कशाला बाबा? उगाच लांब पडेल तुम्हाला."