कशामुळेबाई

तातडीच्या विभागातल्या त्या डॉक्टरीणबाईंना खरं नाव होतं, पण ते दारावरच्या पाटीपुरतं. शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना पाठीमागे कशामुळेबाई म्हणत. एकदा जिन्यात ते कानावर पडलं तेव्हा त्यांनी वळून विचारलं, "हे नाव मला पडलं कशामुळे?" विचारलं आणि स्वतःच हसल्या. त्या दिवसापासून लोक तोंडावरही तेच म्हणू लागले.

घरीही तीच तऱ्हा. दूध उतू गेलं की इतर माणसं फडकं शोधतात. या शेगडीपाशी उभ्या राहून आधी लक्ष कोणाचं नव्हतं आणि ते होतं कुठे, याचा छडा लावत. यजमान म्हणायचे, मी गेलो तर ही रडायच्या आधी माझी उलटतपासणी घेईल. त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं असे, की वेळेवर घेऊ दिलीत तर जाणारच नाही तुम्ही.

ही खोड त्यांच्यात आली वडिलांकडून. वडील पाण्याचे पंप दुरुस्त करत. पंप बंद पडला की गिऱ्हाईक आधी त्याला लाथ घालतं, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. लाथेनं पंप कधीकधी चालूही होतो, पण घटकाभरानं पुन्हा बसतो. म्हातारा मात्र पंपाशेजारी उकिडवा बसायचा आणि हात न लावता नुसता विचार करायचा. वीज येतेय का? खाली पाणी आहे का? नळीत काही अडकलंय का? आत हवा धरलीय का? पोरगी बाजूला बसून हे ऐकत मोठी झाली, डॉक्टर झाली, आणि पहिल्यांदा बंद पडलेलं काळीज समोर आलं तेव्हा तिला बापाचा पंपच आठवला.

म्हणून त्यांच्या विभागात एक शिस्त होती. कोणाचं काळीज थांबलं की दोघांनी आलटून पालटून छाती दाबायची, एकानं श्वासाची पिशवी धरायची, एकानं शिरेत सुई घालायची. आणि एकानं खाटेच्या पायथ्याशी हात मागे बांधून उभं राहायचं. त्यानं पेशंटला बोटही लावायचं नाही. त्याचं काम एकच, ते थांबलं कशामुळे हे शोधायचं.

नव्या डॉक्टरांना याचा राग यायचा. सगळे घामाघूम झालेत आणि ही बाई लग्नातल्या पाहुणीसारखी उभी! बाई त्यांना सुनवायच्या, "दाबण्यानं वेळ उसना मिळतो, बाबा. उसना घेतलास तर त्याचं काय करणार ते ठरव की." दाबणं थांबवायचं नाही, हे तर त्या ओरडून सांगत. पण रक्त वाहून गेलेल्या माणसाला रक्त हवं. छातीत हवा कोंडली असेल तर ती सुईनं सोडायला हवी. विष पोटात गेलं असेल तर त्यावरचा उतारा हवा. कारण सापडलं तर माणूस परत येतो, नाहीतर रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

याच इस्पितळाच्या फाटकावर दारवान होता, त्याला सगळे फौजदार म्हणत. अंगानं काडी, पण आवाज असा की रस्त्यावरची मोटार आपोआप मागे सरकायची. बाईंचं आणि त्याचं रोज सकाळी वाजायचं. बाई स्कूटर नेहमी तिरकी लावत आणि फौजदार म्हणे, इथे पेशंट आडवे आणतात, गाड्या नाही. बाई त्याला उद्धट म्हणत, तो बाईंना आंधळ्या म्हणे, आणि पाठ वळली की स्वतःच स्कूटर सरळ करून सावलीत लावी. एखाद्या दिवशी हे भांडण चुकलं तर दोघांनाही सकाळ झाल्यासारखं वाटत नसे.

मग फौजदाराच्या मूत्रपिंडांनी हात टेकले. ठरलेल्या वारी वरच्या मजल्यावर यंत्राला जोडून रक्त धुऊन घ्यायचं आणि खाली येऊन पुन्हा फाटकावर बसायचं, असं सुरू झालं. एकटा जीव. सांभाळायला थोरली बहीण, तिला सगळे ताईच म्हणत. एकदा त्याच्या खिशात मिठाची पुडी सापडली. बाईंचा राग नाकावरच बसलेला. भर फाटकात त्यांनी त्याला फैलावर घेतलं. मिठानं तहान लागते, तहानेनं पाणी पितोस, ते पाणी तुझ्या अंगातून जाणार कुठून? मग ताईंना बोलावून बजावलं, घरात मीठ दिसता कामा नये. ताईंनी मान डोलावली. ताई शब्दाच्या पक्क्या.

त्यानंतर काही आठवड्यांनी, भर दुपारी, फौजदार एका मोटारवाल्याला झापत होता. आवाज पार आतपर्यंत येत होता आणि शिवी अर्ध्यावर तुटली. आत विभागातल्या थोरल्या सिस्टरनं हातातलं काम टाकलं. फौजदारानं शिवी अर्धी सोडली असं कधी झालं नव्हतं.

त्याला उचलून आत आणलं तेव्हा नाडी नव्हती. बाई धावत आल्या, कोणाला काही न सांगता स्टुलावर चढल्या आणि त्याच्या छातीवर हात टेकून दाबू लागल्या. त्यांचा चेहरा बघून नवा डॉक्टर बाजूला झाला. शेवटी थोरल्या सिस्टरनं त्यांच्या दंडाला धरलं.

"बाई, दाबायला आम्ही आहोत. तुम्ही पायथ्याशी जा."

बाई क्षणभर तिच्याकडे अशा बघत राहिल्या की आता हिचं काही खरं नाही असं वाटावं. मग उतरल्या. पायथ्याशी गेल्या. हात मागे बांधले, आणि ते पुढे येऊ नयेत म्हणून एका हाताचं मनगट दुसऱ्यानं आवळून धरलं. समोर फौजदाराचे पाय होते. एका पायातली चप्पल फाटकाशीच राहिली होती.

हवा जातेय का, त्यांनी विचारलं. दोन्ही बाजूंनी जातेय, उत्तर आलं. रक्त कुठे गेलंय? जखम नाही, पोट मऊ आहे. काळजाभोवती पाणी? नव्या डॉक्टरनं सोनोग्राफी लावून पाहिलं, नव्हतं. बाईंची नजर काळजाचा आलेख दाखवणाऱ्या पडद्यावर गेली. तिथल्या रेघा टोकदार नव्हत्या, पसरट, लोळल्यासारख्या होत्या.

"पोटॅशियम."

नवा डॉक्टर म्हणाला, ते वाढलं की काळीज थांबतं खरं, पण हे तर कालच यंत्रावर रक्त धुऊन आलेत, मग वाढेल कसं? प्रश्न चुकीचा नव्हता, आणि बाईंनाही त्याचं उत्तर माहीत नव्हतं. "त्यावर नंतर भांडू. आधी कॅल्शियम द्या," त्या म्हणाल्या.

कॅल्शियम गेलं. त्यानं पोटॅशियम कमी होत नाही, काळजाला तेवढा आडोसा मिळतो. मागून साखरेबरोबर इन्सुलिन गेलं, पोटॅशियमला रक्तातून पेशींत ढकलायला. दाबणारे दाबत होते. रेघा हळूहळू अंग चोरून सडपातळ झाल्या, आणि सिस्टरनं मानेवर बोटं ठेवून डोळे मिटले. नाडी होती. रक्ताचा तपास आला, पोटॅशियम भयंकर वाढलेलं. फौजदाराला तसंच वर यंत्रावर नेलं.

सगळ्यांच्या जिवात जीव आला. बाईंच्या नाही. बंद पडला पोटॅशियममुळे हे कळलं, पण पोटॅशियम कशामुळे? नुसता फ्यूज बदलून घरी जाणाऱ्या मिस्त्रीला वडील दारात उभं करत नसत. आणि फौजदार उद्या परत फाटकावर बसेल, परत पडेल.

बाहेर बाकावर ताई बसल्या होत्या, मांडीवर डबा. बाईंनी उभ्याउभ्याच सरबत्ती सुरू केली. फळं दिलीत? रस? कोणा वैद्याचा काढा? ताई प्रत्येकाला नाही म्हणाल्या, आणि मग जरा ताठ बसून सांगू लागल्या. मीठ तर त्यांनी त्याच दिवशी घराबाहेर काढलं होतं. आता आजारी माणसांचं खास मीठ मिळतं, ते आणतात. दुकानदार म्हणाला होता, यात वाईट मीठ कमी. म्हणून हात सढळ ठेवला. भावानं अळणी खायचं तरी किती दिवस?

बाईंना पाकीट बघायची गरज पडली नाही. नेहमीचं मीठ कमी करून त्या मिठात काय घालतात ते त्यांना पाठ होतं. राग उसळून आला. दुकानदारावर काढावा, तर तो इथे नव्हता. ताईंवर काढावा, तर ताईंनी सांगितलेलं तंतोतंत केलं होतं. घरात मीठ नको म्हणून भर फाटकात गर्जना केली होती ती कोणी? आणि त्याच्या जागी काय आणू नका, हे सांगायचं राहिलं कोणाकडून?

तेवढ्यात ताईंनीच विचारलं. "डॉक्टरीणबाई, त्याला हे झालं कशामुळे?"

हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता. खोटं बोलणं सोपं होतं. वयानं होतं, आजारच तसा असतो, असं म्हणायचं आणि ते मीठ गुपचूप बंद करायचं. बाई ताईंच्या शेजारी बाकावर बसल्या.

"या मिठामुळे, ताई. यात पोटॅशियम असतं. तुमच्या-माझ्या अंगातून ते निघून जातं, त्याच्या अंगात साठतं. आणि हे मीठ तुमच्या घरात आलं माझ्या अर्ध्या बोलण्यामुळे."

ताईंनी मांडीवरच्या डब्याकडे पाहिलं. "म्हणजे मीच भरवलं त्याला."

"तुम्ही भरवलंत. आणायला मी धाडलं होतं." बाईंनी डबा स्वतःच्या मांडीवर घेतला. "रडायचं असेल तर रडा, पण आधी वर चला. तो जिवंत आहे आणि भूक लागली म्हणून शिव्या देईल."

शिव्या द्यायला त्याला दोन-चार दिवस लागले. फासळ्या ठणकत होत्या. माझ्या छातीवर नाचलं कोण, असं त्यानं सगळ्यांना विचारलं. बाई म्हणाल्या, मी नुसती उभी होते. "तिरकीच उभी असणार," फौजदार म्हणाला.

ताईंनी हळूच विचारलं, "अरे, त्या मिठाची चव वेगळी नाही लागली तुला?"

"लागली की. कडवट होतं."

"मग बोलला नाहीस ते?"

तो खिडकीकडे बघू लागला. "पहिल्या दिवशी वाढताना किती खूश होतीस तू."

बाईंनी उगाचच त्याची उशी सारखी केली.

आता बाई कोणाला मीठ सोडायला सांगतात तेव्हा त्याच्या घरच्या माणसाला पुढ्यात बसवतात आणि त्याऐवजी काय घालणार, कुठून आणणार, कोण चाखणार, हे सगळं वदवून घेतल्याशिवाय उठू देत नाहीत. त्यापायी दुपारपर्यंत रांग फाटकाला लागते. तिथे फौजदार बसलेला असतो, पाण्याचा पेला पुरवून पुरवून पीत. लोक कुरकुरतात, आत एवढा उशीर कशामुळे?

"माझ्यामुळे," तो खेकसतो. "सरळ रांगेत उभे राहा."